तीनशे भागिले अंतर

गणपती आटोपले की दिवाळी अंकांची घाई सुरू होते आणि लेखकांच्या फोनवर ठरलेला निरोप येऊन थडकतो : ‘सोबत आपला फोटो पाठवावा. ३०० डीपीआयचाच पाठवावा.’ लेखक फोनमधल्या फोटोचे तपशील उघडतो, तर तिथे ‘७२ डीपीआय’ असं लिहिलेलं. मग कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला साकडं घातलं जातं. भाचा फोटोशॉप उघडतो, ७२ खोडतो, ३०० लिहितो आणि फाइल परत देतो. संपादक खूश, लेखक खूश. फोटोत मात्र तसूभरही फरक पडलेला नसतो. भाचा ‘रिसॅम्पल’ची खूण काढायला विसरला असेल तर पिक्सेलची संख्या सतरा पट फुगते, पण चेहऱ्यावरची एक सुरकुतीसुद्धा नव्याने दिसू लागत नाही.

मुळात प्रश्नच चुकलेला असतो. ‘हा फोटो किती डीपीआयचा?’ याला उत्तर नाही. निदान तो किती मोठा छापायचा हे ठरेपर्यंत तरी नाही. डिजिटल फोटोला स्वतःचं असं एकच माप असतं : आडवे किती पिक्सेल आणि उभे किती. ४००० बाय ३०००, एवढंच. त्यात इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. ठिपक्यांच्या रांगोळीचंही असंच असतं. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी उंबरठ्यापाशी वीतभर जागेतही काढता येते आणि तीच अख्ख्या अंगणभर पसरता येते. ठिपके तेवढेच राहतात, बदलतं ते दोन ठिपक्यांमधलं अंतर. एका इंचात किती ठिपके बसवायचे हे रांगोळी काढणारीने जागा पाहून ठरवायचं. ते काही त्या रांगोळीच्या अंगचं नसतं.

म्हणून खरा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. सर्वसाधारण फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. इंचाला ३०० पिक्सेल या दराने छापला तर तो सव्वातेरा बाय दहा इंच भरेल. इंचाला १५० ने छापला तर साडेसव्वीस बाय वीस इंच. फाइल तीच, फोटो तोच. ए-फोर कागदावर कडेपासून कडेपर्यंत ३०० च्या दराने छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत, आणि ते १२ मेगापिक्सेलच्या फोनमधून सहज मिळतात. तेव्हा लेखकाला विचारायचं असेल तर ‘फोटो किती पिक्सेलचा आहे?’ असं विचारावं आणि तो पानावर किती इंच रुंद जाणार आहे हे विचारणाऱ्याने आधी ठरवून ठेवावं. काटेकोरपणे बोलायचं तर फोटोबाबत पीपीआय (इंचाला पिक्सेल) म्हणायला हवं आणि डीपीआय (इंचाला ठिपके) हे छापणाऱ्या यंत्राचं माप आहे. पण छापखान्यांत सगळ्यालाच डीपीआय म्हणतात आणि कामं अडत नाहीत, म्हणून इथे त्यावर वाद घालत बसत नाही.

मग तो ७२ चा आकडा फाइलीत आला कुठून? १९८४ साली ॲपलचा पहिला मॅकिंटॉश बाजारात आला. नऊ इंची पडदा, त्यावर ५१२ × ३४२ पिक्सेल, इंचाला ७२. हा आकडा मुद्रणाच्या व्यवहारातून उचललेला होता. अक्षराचं माप पॉइंटमध्ये मोजतात आणि एका इंचात ७२ पॉइंट धरतात. एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट असं जमवून टाकलं की १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर जेवढं दिसेल तेवढंच कागदावर उमटेल. डीटीपीचा जन्म ज्या यंत्रांवर झाला त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची होती. पुढे पडदे बदलले, पिक्सेल बारीक होत गेले, आज हातातल्या फोनवर ते इंचाला ४०० च्या आसपास असतात; पण फाइलीच्या कोपऱ्यात ७२ लिहायची सवय तशीच राहिली. ती निव्वळ चिठ्ठी आहे. छपाईसाठी पान लावणारी सॉफ्टवेअर फोटो पहिल्यांदा पानावर ठेवताना तिच्याकडे पाहतात, त्यामुळे ७२ चा फोटो पानाबाहेर धावतो आणि ३०० चा पानात बसतो. ऑपरेटरला वाटतं, दुसरा ‘चांगला’ आहे. कोपरा धरून पहिला फोटो लहान केला की दोन्ही एकच.

‘इंटरनेटसाठी ७२ डीपीआय पुरे’ हा सल्ला याच चिठ्ठीवर उभा आहे आणि म्हणून निरर्थक आहे. ब्राउझर ती चिठ्ठी वाचतच नाही. पडद्यासाठी फक्त पिक्सेल मोजायचे. इन्स्टाग्रामवर १०८० रुंद, यूट्यूबच्या दर्शनी चित्राला १२८० × ७२०, फुल एचडी पडदा भरायचा तर १९२० × १०८०, फोर-के टीव्हीला ३८४० × २१६०. त्याहून जास्त पाठवले तर समोरचा पडदा ते कमी करूनच दाखवतो, फक्त बघणाऱ्याचा डेटा जास्त खर्च होतो.

पडद्याचं प्रकरण इथे संपतं. कागदाचं संपत नाही, कारण तिथे ३०० हा आकडा आहे, आणि तो कुणी हवेतून काढलेला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. सहा मीटरवरून त्यातली ठरावीक ओळ वाचता आली की ६/६ लिहून देतात. त्या ओळीतल्या अक्षराची प्रत्येक रेघ डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. साधारण निरोगी नजर एवढ्या बारकाव्यापर्यंत दोन गोष्टी वेगळ्या ओळखते. त्याहून जवळ आल्या की त्यांची एकच होते. आता मासिक आपण हातात धरतो ते फूटभर अंतरावर. तिथे एका अंशाचा साठावा भाग म्हणजे ०.०८९ मिलिमीटर, म्हणजेच इंचात सुमारे २८६ ठिपके. हाच आकडा गोळाबेरीज करून ३०० झाला. फूटभर अंतरावरून पाहायच्या वस्तूला इंचाला ३०० पिक्सेल दिले की सामान्य डोळ्याला ठिपके दिसत नाहीत, सलग फोटो दिसतो.

पण अंतर दुप्पट केलं तर? कोन तोच राहायचा असेल तर ठिपका दुप्पट मोठा झाला तरी चालतो. दोन फुटांवरून १५० पुरतात, तीन फुटांवरून १००, दहा फुटांवरून ३०. म्हणजे सूत्र अगदी तोंडी हिशेबाचं आहे : ३०० ला फुटांतल्या अंतराने भागा, आणि इंचाला किती पिक्सेल हवेत ते हातात येतं. छपाईच्या पुस्तकांत ते कोनांच्या भाषेत दिलेलं असतं, पण चौकात उभं राहून एवढंच पुरतं.

घरातला टीव्ही हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. ५५ इंची फोर-के टीव्हीवर इंचाला जेमतेम ८० पिक्सेल असतात, फोनच्या एक-पंचमांश. तरी सोफ्यावर बसून पाहताना चित्र लख्ख दिसतं, कारण आठ फुटांवरून सुमारे ३८ पिक्सेलच पुरेसे असतात. जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन ४ लोकांसमोर आणला, तेव्हा त्याच्या पडद्याला ‘रेटिना’ असं नाव देताना हाच हिशेब मांडला होता : दहा-बारा इंचांवर धरलेल्या वस्तूसाठी ३०० च्या आसपास डोळ्याची हद्द येते आणि या पडद्यावर इंचाला ३२६ आहेत. तीक्ष्ण नजरेच्या तरुणांना ६/६ च्याही पुढचं दिसतं, त्यामुळे ३०० ही काही लक्ष्मणरेषा नाही. पण चाळिशी लागलेल्या वाचकवर्गासाठी अंक काढणाऱ्याने त्याची फार चिंता करू नये.

आता चौकात जाऊ. महाराष्ट्रात फ्लेक्सशिवाय चौक नाही. दहा बाय आठ फुटांचा फलक घ्या. कुणी शिस्तीचा माणूस म्हणाला, ‘मला हा ३०० डीपीआयमध्येच हवा’, तर ३६,००० × २८,८०० पिक्सेल लागतील, म्हणजे शंभर कोटींहून अधिक. तो फलक नाक लावून वाचायचा असेल तर ठीक. पण रस्त्याच्या पलीकडून, वीस फुटांवरून पाहायचा तर ३०० भागिले २०, म्हणजे इंचाला १५ पुरतात : १८०० × १४४०. व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने आक्रसून पाठवलेला फोटो साधारण १६०० × १२०० चा असतो. म्हणजे जो फोटो साडेसात बाय दहा इंचांच्या दिवाळी अंकात पानभर छापला तर कमी पडतो, तोच दहा फुटांच्या फलकावर जवळजवळ पुरतो! हे ऐकून पुष्कळांना चेष्टा वाटते. मोठ्या कागदाला मोठा फोटो हा आपला बाळबोध समज, आणि अंतर लक्षात घेतलं की तो उलटतो. फ्लेक्सवाले सहसा इंचाला ४० ते ७२ ठेवतात, कारण फलकाखालीच चहाची टपरी असते आणि तिथला माणूस पाच फुटांवरून पाहतो. तेही बरोबरच आहे.

तरीही फलकांवरचे चेहरे फाटलेले का दिसतात? कारण तिथे फोटो अख्खा लागत नाही. ‘भाऊं’च्या वाढदिवसाच्या फलकावर मोठा चेहरा भाऊंचा आणि खाली गोल चौकटीत शुभेच्छुकांची रांग. त्यातले निम्मे शुभेच्छुक कुठल्या तरी सामूहिक फोटोतून कापून काढलेले असतात. १६०० पिक्सेल रुंद फोटोत वीस जण दाटीवाटीने उभे असतील तर एकेका चेहऱ्याच्या वाट्याला साठेक पिक्सेल येतात. तो चेहरा फूटभर रुंदीच्या गोलात टाकला की इंचाला पाच. वीस फुटांवरून १५ हवेत, आहेत ५. मिशी कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतो ते शुभेच्छुकाच्या आईलाच कळेल. कापण्याआधी फोटो किती पिक्सेलचा होता हे विचारून उपयोग नाही; कापून उरलेला तुकडा किती पिक्सेलचा आहे हे विचारायचं.

छपाईचा ३०० हा आकडा डोळ्याच्या हिशेबातून येतो तसा दुसऱ्याही वाटेने येतो, आणि ती वाट जुनी आहे. शाई एक तर कागदावर असते किंवा नसते. फिकट काळी अशी शाई छापखान्यात नसते. मग फोटोतला करडा रंग आणायचा कसा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचं उत्तर सापडलं ते हाफटोन. कॅमेऱ्यात फोटो आणि प्रकाशाला संवेदनशील काच यांच्या मध्ये बारीक आडव्याउभ्या रेघांची जाळी ठेवायची, म्हणजे फोटोचे ठिपके होतात : गडद भागात जाड, उजळ भागात बारीक. ठिपके पुरेसे दाट असले की दुरून डोळा त्यांचा करडा रंग करतो. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’मध्ये ४ मार्च १८८० रोजी असं एक छायाचित्र छापून आलं. भारतात या विद्येवर सगळ्यात खोल काम केलं ते कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी. जाळी आणि काच यांच्यातलं अंतर, भिंगाच्या छिद्राचा आकार, ठिपक्याचा घाट यांचं गणित त्यांनी मांडलं आणि मुद्रण-व्यवसायात प्रमाण मानल्या जाणाऱ्या लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात त्यांचे लेख छापून येत राहिले. इंग्लंडला न जाता, स्वतःच्या घरात थाटलेल्या कारखान्यात केलेलं हे संशोधन होतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. त्या काळी मासिकांतली छायाचित्रं याच पद्धतीने केलेल्या ब्लॉकवरून छापली जात. जुन्या अंकांतला फोटो भिंगाखाली धरा, जाळी अजून मोजता येते.

काचेची जाळी गेली, तिचा हिशेब राहिला. गुळगुळीत आर्टपेपरवर आज इंचाला साधारण १५० ओळींची जाळी वापरतात, वर्तमानपत्राच्या शाई पिणाऱ्या कागदावर ८५ ते १००. जाळीच्या प्रत्येक ठिपक्यासाठी फोटोतले दीड ते दोन पिक्सेल असावेत असा छपाईचा नियम आहे. १५० ची दुप्पट ३००. म्हणजे डोळ्याच्या वाटेने जा की जाळीच्या, मुक्काम एकच. पण दुसऱ्या वाटेने गेलं की ३०० मध्ये किती सैलपणा आहे तेही दिसतं : दीडपट धरली तर २२५ पुरतात, आणि वर्तमानपत्रात १५० ते २०० च्या वर दिलेलं सगळं जाळीतच अडकतं. २४० चा चांगला फोटो ‘३०० नाही’ म्हणून परत पाठवणारे लोक आहेत. त्यांना नियम पाठ आहे, त्यामागचं कारण ठाऊक नाही, एवढंच म्हणेन.

ऑफसेटची प्लेट करणारं यंत्र २४०० डीपीआयचं असतं, हे ऐकून काही जण ‘मग फोटो २४०० चा द्यायचा का?’ असं विचारतात. तसं नाही. २४०० ला जाळीच्या १५० ने भागलं की १६ येतात. यंत्र जाळीचा एकेक ठिपका १६ × १६ घरांच्या चौकटीत रंगवतं. त्या २५६ घरांपैकी किती काळी करायची यावर करड्या रंगाची गडद-फिकट छटा ठरते. फोटोतला पिक्सेल एकटाच २५६ छटांपैकी एक सांगू शकतो. यंत्राच्या ठिपक्याला फक्त काळं किंवा कोरं कळतं. म्हणून यंत्राला इतके जास्त लागतात.

अक्षरांना मात्र ही सवलत नाही. डोळा दोन रेषा वेगळ्या ओळखण्यात एका अंशाच्या साठाव्या भागापाशी थांबतो हे खरं, पण एक सरळ रेघ मध्येच किंचित सरकली असेल तर ती खोट त्याला सुमारे दहा पट बारीक असली तरी जाणवते. व्हर्नियर कॅलिपरवर दोन खुणा जुळल्या की नाही हे आपण याच बळावर पाहतो. देवनागरीला हे फार महागात पडतं. प्रत्येक ओळीवर शिरोरेखेची सलग आडवी कड, आणि तिच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार. ३०० च्या फोटोत चेहरा मऊ आणि सुंदर दिसेल, पण त्याच फोटोत सपाट करून टाकलेलं ‘सप्रेम निमंत्रण’ छापलं की शिरोरेखेला पायऱ्या पडतात आणि अनुस्वार मुगाच्या दाण्यासारखे दिसतात. म्हणून अक्षरं, बोधचिन्ह, नकाशातल्या रेघा फोटोत बुडवायच्याच नाहीत. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमधली मूळ फाइल किंवा नीट काढलेली पीडीएफ द्यायची, जिथे अक्षर पिक्सेलमध्ये नसून रेषांच्या गणितात साठवलेलं असतं. ते थेट प्लेटच्या २४०० वर उतरतं. फक्त चित्रच हाताशी असेल तर निदान १२०० च्या दराने हवं. कार्यक्रमपत्रिकेचा जेपीजी व्हॉट्सॲपवर फिरवायला ठीक. तोच छापखान्यात पाठवणं ही मराठी सांस्कृतिक मंडळांची जुनी खोड आहे.

आणि व्हॉट्सॲप. त्याचा दोष एवढाच की ते आपल्याला न विचारता फोटो लहान करतं. २०२३ पासून ‘एचडी’ची खूण आली, तिने परिस्थिती सुधारली, पण मूळ फाइल जशीच्या तशी जायची तर ‘फोटो’ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायची. ईमेल, ड्राइव्ह हेही चालतं. लहान करण्याबरोबर व्हॉट्सॲप जेपीजी नव्याने दाबूनही काढतं. १९९२ साली प्रमाण झालेल्या या पद्धतीत फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला सहसा न कळणारे बारकावे टाकून देतात. दाब वाढला की चौकोनांच्या सीमा दिसू लागतात. पाच ग्रुपमधून फिरून आलेल्या फोटोत गालावर विटा रचल्यासारखं दिसतं ते यामुळे. पिक्सेल किती हा एक प्रश्न, ते किती दाबलेले आहेत हा दुसरा.

हे दोन प्रश्न गोंधळून टाकायची सर्वांत मोठी जागा म्हणजे परीक्षांचे ऑनलाइन अर्ज. बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या सूचनापत्रकात फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असं सांगितलेलं असतं. मुलं फोनवरचा ४००० पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून ५० केबीत कोंबायला बघतात आणि चेहऱ्याचा लगदा होतो. क्रम उलटा हवा : आधी पिक्सेल कमी करून २०० × २३० करावेत, मग दाबावं. तेवढ्या पिक्सेलचं न दाबलेलं वजन १३५ केबीच्या आसपास असतं, त्याचे ५० केबी करताना जेपीजीला फारसे कष्ट पडत नाहीत. हाच फोटो ३०० च्या दराने छापला तर सतरा बाय साडेएकोणीस मिलिमीटरचा होईल. पासपोर्टच्या ३५ × ४५ मिलिमीटरच्या फोटोला ४१३ × ५३१ लागतात. तेव्हा अर्जासाठी केलेली फाइल स्टुडिओत नेऊन ‘याच्या आठ कॉप्या काढा’ म्हणू नये. मूळ फोटो जपून ठेवावा.

जगातला पहिला स्कॅन केलेला डिजिटल फोटो याहूनही लहान होता. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी १९५७ साली आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा पाच सेंटिमीटरचा चौकोनी फोटो सीॲक नावाच्या संगणकाला जोडलेल्या यंत्रावर फिरवून घेतला. १७६ × १७६ पिक्सेल, म्हणजे ३० हजार ९७६. त्यापेक्षा जास्त मावायला संगणकाच्या पोटात जागा नव्हती. आजच्या पद्धतीने छापला तर दीड सेंटिमीटरचा. तरी बाळ ओळखू येतं.

कमी पिक्सेलचे जास्त करता येतात का? संगणक दोन पिक्सेलांच्या मध्ये तिसरा घालू शकतो, शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने. याला अगदीच फसवणूक म्हणता येणार नाही, कारण कॅमेराही तेच करतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं आणि जी आज बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, तिच्यात प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्यांवरून ठरवतो. म्हणजे तुमच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोतली दोन-तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसून अनुमानलेली असते. फक्त ते अनुमान एका पिक्सेलच्या पल्ल्यातलं असतं, म्हणून सहसा चुकत नाही. साठ पिक्सेलच्या चेहऱ्याचे सहाशे करताना पल्ला दहा पिक्सेलचा होतो. जुन्या पद्धतीने केलं तर चेहरा धूसर होतो, पण खोटा होत नाही. आता फोनवर मिळणारी एआयची साधनं धूसर ठेवत नाहीत. त्यांनी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून ती डोळ्याला पापण्या, कपाळाला आठ्या बसवतात. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत आजोबा असे तुकतुकीत होऊन येतात की घरच्यांना ओळखू यावेत ते फेट्यावरून. फलकावरचा डोंगर किंवा मंदिर असं वाढवायला माझी हरकत नाही. माणसाच्या चेहऱ्याला ते करू नये, असं माझं मत आहे.

अशा वेळी जुना फोटो पुन्हा स्कॅन करणं केव्हाही बरं. फ्रेममधून, काचेमागून काढावा. काचेवरून फोनने काढलेल्या फोटोत खिडकीही येते. किती डीपीआयने स्कॅन करायचा हा हिशेब पुन्हा भागाकार-गुणाकाराचाच : छापील फोटो मूळच्या जितका पट मोठा हवा, तितक्या पटीने ३०० ला गुणा. मूळ आकारात छापायला ३००, दुपटीला ६००. मात्र कागदावरच्या साध्या फोटोप्रिंटमध्ये ६०० च्या पुढे तपशील क्वचितच असतो, नंतर कागदाचा पोत तेवढा हाती येतो. ३५ × ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ६०० ने स्कॅन केला की ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात. अंकात ते पावणेतीन बाय साडेतीन इंच छापता येतील, आणि इंचाला ४० च्या फ्लेक्सवर सव्वादोन फूट उंच. आधीच छापलेल्या मासिकातून किंवा वर्तमानपत्रातून स्कॅन करायचं असेल तर स्कॅनरमधली ‘डीस्क्रीन’ची सोय चालू ठेवावी, नाहीतर जुनी जाळी आणि नवी जाळी एकमेकींवर चढून फोटोभर लाटा उमटतात.

आणि निगेटिव्ह सापडली तर प्रिंटकडे पाहायचंच नाही. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची असते. फिल्म स्कॅनरवर ४००० डीपीआयने ती ५६६९ × ३७८० पिक्सेल देते, छपाईत जवळजवळ एकोणीस बाय साडेबारा इंच. तालुक्याच्या गावचे जुने स्टुडिओवाले निगेटिव्ह पाकिटांत घालून, वर नंबर टाकून ठेवत. प्रिंटच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला आकडा असेल तर तो घेऊन आधी तिकडे चौकशी करावी.